लोणच्याची फोड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. धुळ्यात विचारा — या हाताच्या टाक्यांना तोड नाही, असंच ऐकाल. बढाई वाटते? वाटू द्या. हात आहेच तसा.

आणि म्हणूनच तर हे झालं.

तेव्हा मी वरची कातडी रेशमाच्या दोऱ्यानेच शिवायचो. काय गाठ बसायची! ऑपरेशन थिएटरच्या जुन्या सिस्टरांना आम्ही अक्का म्हणायचो. त्या म्हणाल्या होत्या, सर, हा दोरा विणलेला, विणीत जंतू दडतात. नायलॉन एकसंध, त्याने शिवा. मी काय म्हणावं? "अक्का, टाके मी घालतो की तुम्ही?" सगळ्यांसमोर!

दोंडाईचाकडची कमलबाई आली, अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात. शिवलं रेशमानेच. पाचव्या दिवशी टाक्यांतून पू. दोऱ्याभोवतीच होता, मला दिसत होता. अक्का ड्रेसिंगचा ट्रे धरून उभ्या. शेजारी कमलबाईची सासू, माझ्या तोंडाकडे बघत. आणि मी — मी विचारलं, "आंबट खाल्लं होतं का?"

आपल्याकडे आंबटाने जखम पिकते म्हणतात. पिकत नाही, मला पक्कं ठाऊक होतं. पण बिचारीने लोणच्याची एक फोड खाल्ली होती. सासूने तिथेच तोंड सोडलं. महिनाभर जखम वाहिली, महिनाभर ती बाई शिव्या खात राहिली. दोरा मात्र मी गुपचूप बदलला. तेव्हापासून माझे टाके असे पिकल्याचं मला आठवत नाही. कबूल करायला लाज कसली, नाही का? पण केलं का कबूल? अक्का निवृत्त झाल्या, त्यांनाही नाही.

गेल्या वर्षी कमलबाई लेकीला घेऊन आली. तोच आजार. हात जोडून म्हणाली, "डॉक्टरभाऊ, तवय मनी चूक व्हती. पोरले आंबट खाऊ देवाव नही."

मी म्हणालो, बरं.

नायलॉनने शिवलं. आठ दिवसांत जखम कोरडी ठाक. जाताना कमलबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "दखा, आंबट खाऊ दिधं नही, म्हणीसन जखम सुकनी."

तेव्हा मला काय वाटलं, माहितीय? लाज नाही वाटली. राग आला — टाके माझे, आणि नाव पथ्याचं!

ती पाया पडली. मी पडू दिलं.