पेटी उघडायची नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. नांदेडच्या कार्यालयात ज्याच्या शेजारी बसून सहा वर्षं वर्तमानपत्राची पानं लावली, त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर यानंतर ओळख ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा.

जन्मभर वर्तमानपत्रात काम केलं. काय झालं, कुठं झालं, कुणी केलं — या क्रमाने लिहायची सवय आहे. पण इथे ‘कुणी केलं’ हे लिहायची वेळ आली की मी मागे सरकतो. तेव्हा आधी काय झालं ते सांगतो.

आमचं गाव भोकरजवळ. थोरला भाऊ — दादा — आखातात क्रेन चालवायचा, वर्षाआड महिनाभर गावी यायचा. घरी आई, वहिनी आणि त्याची मुलगी मेघा. मी तेव्हा लातूरला बातमीदार होतो. कोरोनाच्या दोन वर्षं आधी, वैशाखात, आई गेली. फोन वहिनींचाच आला. मी म्हणालो, निघालो आहे, पाच तासांत पोचतो, तोवर थांबवा. पोचलो तेव्हा चिता अर्ध्यावर आली होती.

आईचा चेहरा मी पाहिला नाही. दादा परदेशी, म्हणून निर्णय वहिनींचा होता. दोन दिवसांनी मी विचारलं, तेव्हा त्या अंगणात भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ऊन लई होतं भाऊजी. आन् तुमी बघितलं असतं तर आत्याबाई उठून बसणार होत्या का?”

ओट्यावर बसलेलं कुणीतरी हसलं. वहिनी थकल्या होत्या, म्हणून तसं बोलल्या? की मी सणावारालाही येत नव्हतो, त्याचा राग होता? मी विचारलं नाही. मला कारण नको होतं. ते वाक्य मात्र मी जपून ठेवलं.

चार वर्षांनी दादा गेला. तिकडे खोलीत, झोपेत, हृदय बंद पडून. कंपनीच्या माणसाने फोन मला केला, कारण घरात इंग्रजी मला येत होतं. मी तोवर बदलीवर नांदेडला आलो होतो. पुढचे सतरा दिवस मी कागद गोळा केले. मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, रद्द केलेला पासपोर्ट, वकिलातीचं ना-हरकत पत्र, आणि वारस पत्नीचं संमतिपत्र. त्यात विचारलेलं असतं — अंत्यविधी तिथेच करायचा, की देह मायदेशी पाठवायचा? मी नांदेडला मजकूर टाइप करून घेतला आणि वहिनींची सही घ्यायला गावी गेलो.

सही करताना त्या म्हणाल्या, “कसं का असंना, हितं आणा भाऊजी. मला एकदा त्यांचं तोंड बघायचंय.”

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. “कवा येऊन राहिलेत?” दादा सुट्टीवर निघाला असावा, तसं विचारायच्या. मी रोज खरं उत्तर दिलं. एकही कागद मुद्दाम रखडवला नाही. हे बचावासाठी सांगत नाही. उलट — हे काम मी इतकं चोख केलं की पुढे माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

पेटी हैदराबादला उतरली. सकाळी मी ती ताब्यात घेतली आणि शववाहिकेतून निघालो. निजामाबाद मागे पडल्यावर, धर्माबादच्या अलीकडे, मी गाडी थांबवायला सांगितली. पूर्वी एकदा माझ्या हाताखालून एक बातमी गेली होती — पेटी एका गावची, आत माणूस दुसऱ्या गावचा. खातरजमा करायची सवय जात नाही. चालकाने पेचकस दिला. “देख लो साब, सुकून से देख लो,” म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

दादाच होता. दाढी केलेली. नाकात कापूस, डाव्या भुवईवर लहानपणी विहिरीच्या काठावर पडल्याची खूण. चेहरा स्वच्छ होता, शांत होता — माणूस दुपारी आडवा होतो, तसा. सोबतच्या प्रमाणपत्रात लिहिलं होतं, देह टिकवण्याची प्रक्रिया केलेली आहे, कोणताही संसर्गजन्य आजार नाही. म्हणजे बघायला काहीही हरकत नव्हती.

मी झाकण ठेवलं आणि स्क्रू आवळायला घेतले. तिसरा की चौथा स्क्रू आवळताना मी ठरवलं. रागाच्या भरात नाही.

दुपारी गावात पोचलो. पेटी उतरवून शववाहिका लगेच परत गेली. अंगणात सगळा गाव. वहिनी वाटीत पाणी आणि तुळशीचं पान घेऊन उभ्या होत्या — दादाच्या तोंडात घालायला. त्यांच्या मागे मेघा, तेव्हा पंधरा वर्षांची. मी तेच प्रमाणपत्र काढलं, सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि इंग्रजीतून मराठीत वाचून दाखवलं. देह संसर्गाच्या दृष्टीने धोकादायक आहे. पेटी कोणत्याही कारणाने उघडू नये.

यातला एकही शब्द त्यावर नव्हता.

आमचे चुलते आबा म्हणाले, “आरं, तोंडापुरती तरी फळी सरकव की.”

“आबा, लेखी हाय. उद्या कुणाला काही झालं तर तुम्ही जबाबदारी घेता का?”

कोरोना नुकताच ओसरला होता. न उघडता जाळलेली माणसं सगळ्यांनी पाहिली होती. पुढे आलेले दोन-तीन जण मागे सरकले. वहिनींनी झाकणावर हात ठेवला. “हे तेच हायत ना भाऊजी?”

“कागदावर नाव त्याचंच आहे,” मी म्हणालो. आणि मग, त्यांना नीट ऐकू जाईल असं, “ऊन लई हाय वहिनी. उरकून घेऊ.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवलं — मला दिसलं ते. मला बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याच्या भोवती फिरतो आहे ते हेच — मला बरं वाटलं. सख्ख्या भावाला पेटीसकट अग्नी देताना माझ्या मनात भाऊ नव्हता. वाटीतलं पाणी तसंच राहिलं याचं समाधान होतं. मेघाने माझं काय केलं होतं? काहीच नाही. ती शेवटपर्यंत पेटीच्या झाकणाकडे बघत होती, हेही मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी अस्थी घरात आणू दिल्या नाहीत. “कुणाच्या हायत काय म्हाईत,” म्हणाल्या. मी एकटा जाऊन गोदावरीत सोडून आलो. त्यांनी मंगळसूत्र काढलं नाही. बायका समजावून थकल्या. “तोंड बघितलं न्हाई मी. कसं काढू?” एवढंच म्हणायच्या. पितृपक्षात त्या दादाचं पान वाढत नाहीत. गावात म्हणतात, बाईचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर आहे. न पाहिलेली गोष्ट त्या मानत नाहीत, इतकंच.

एका वाक्यात हे संपलं असतं. मी पाहिलं आहे, तो दादाच होता. मी म्हणालो नाही. सुरुवातीला सूड म्हणून. नंतर? नंतरही सूडच. भीती होती असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही.

मागच्या दिवाळीत त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. आखातातल्या कुठल्याशा कामाच्या जागेवरचा, कुणीतरी पाठवलेला. मागच्या रांगेत एक माणूस, अर्धा वळलेला. “मान बघा भाऊजी. तसेच उभे हायत का न्हाई?”

मी चष्मा पुसला. फोटो मोठा केला. चांगला वेळ घेतला.

“सांगता येत नाही वहिनी,” मी म्हणालो. “असू शकतं.”

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी परत घेतला.

यंदा मेघाचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर तपासायला माझ्याकडेच आला, घरातला लिहिणारा मी. छापखानेवाल्याने वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ टाकलं होतं. वहिनींनी ते पेनाने खोडून पाठवलं होतं. मी दोन ठिकाणची वेलांटी दुरुस्त केली, मुहूर्ताची वेळ पुन्हा पडताळली, आणि पत्रिका तशीच छापायला दिली.