माझा आवाज आणि तिची नोकरी

बाबा ब्रह्मपुरीच्या राइस मिलमध्ये पोती वाहायचे. आई धानाच्या रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतांतल्या बांध्यांमध्ये चिखलात वाकलेली असायची. दोघांना शिकवणं परवडत नव्हतं, म्हणून मोठ्या भावाची शाळा नववीतच सुटली. माझे मार्क जास्त होते, म्हणून मी शिकले. घराण्यातली पहिली बी.ए. मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. वक्तृत्वात बक्षिसं घेतली होती. माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

भरतीच्या परीक्षा दिल्या, कुठेच लागले नाही. शेवटी चंद्रपूरच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस झाले. आंघोळ घालायची, भरवायचं, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलायची. सोबत एटापल्लीकडची एक मुलगी होती. दहावी पास, माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची.

एका हॉस्पिटलात रुग्णसेविकांच्या जागा निघाल्या. पगार चांगला, पुढे कायम होण्याची सोय. दोघींचे अर्ज मीच भरले. हिला कोण घेते, असं मनात होतंच.

परीक्षा वॉर्डातच होती. पेशंटला न उठवता तिच्या खालची चादर बदलायची. माझं तर हे रोजचं काम. मी खाटेजवळ गेले आणि म्हटलं, "आजी, कुशीवर व्हा!" ती बाई जेमतेम पस्तिशीची होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. अशी दचकली की हात टाक्यांवर गेला. सिस्टर म्हणाल्या, "अवो, बहिरी नाई ते." वॉर्ड हसला.

त्या मुलीची निवड झाली. मला वाईट वाटलं, असं मी लोकांना सांगायची. खरं म्हणजे मी जळत होते. सुट्टीच्या दिवशी ती निळा युनिफॉर्म घालूनच आश्रमात यायची आणि म्हाताऱ्या त्याचं कापड हाताने चाचपून बघायच्या. सगळ्यांत कमी ऐकू येणारी एक आजी सकाळपासून तिची वाट बघायची. एकदा मी आजीच्या कानाशी ओरडून सांगितलं की ती मुलगी आता यायची नाही, मोठी झाली. त्याच दुपारी ती आली.

वर्षाने पुन्हा जागा निघाल्या. अर्ज तिनेच आणून दिला. मी आभार मानले नाहीत, उलट विचारलं, "मी मागच्या परीक्षेत काऊन पडली होती?"

ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "ताई, तुमी लय जोरानं बोलता. इथी म्हाताऱ्यायले हाका मारता, तसंच तिथी. बीमार माणूस भेते."

"मले शिकवून राह्यली काय?"

"तुमीच इचारलं ना."

दोन दिवस मी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याच आजीची कूस बदलताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मी वाकले आणि तिच्या कानाशी हळू म्हटलं, "आजी, आता डाव्या कुशीवर करतो."

आजीने स्वतःच अंग वळवलं. म्हणाली, "आता आलं वो ऐकू, माय. वरडलं का नुसता गलका होते. ते पोरगी असीच बोले."

पुन्हा जळले. पण दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांशी तसंच बोलू लागले. आवाज आवरायला मला दोन महिने लागले.

दुसऱ्या परीक्षेत मी आधी पेशंटचा चेहरा बघितला, मग जवळ जाऊन तिला सांगितलं की काय करणार आहे. चादर बदलून होईपर्यंत ती एकदाही दचकली नाही.

माझी निवड झाली. पहिला महिना काम शिकायला मला त्या मुलीच्याच हाताखाली ठेवलं. तिथेही ती मला ताईच म्हणायची, आणि तेही मला टोचायचं. अजून पेशंट तिला आधी हाक मारतात, ते मला दिसतं. सहा महिन्यांनी मला कायम केलं. आता ऑपरेशन झालेल्या बायकांच्या वॉर्डात मी रुग्णसेविका आहे.