कुणाच्या घड्याळातले चार

आमचे हे विमान-तिकिटांच्या ऑफिसात एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसले. कुठलीही दोन शहरं सांगा, मधलं अंतर आणि लागणारे तास ह्यांना तोंडपाठ. पाहुणा घास घेतोय न घेतोय, तोच ह्यांचं सुरू, "नऊ हजार किलोमीटर, साडेअकरा तास." मी म्हणायचे, अहो, आधी त्याला जेवू द्या. स्वतः मात्र कधी विमानात पाय ठेवला नव्हता.

ऑफिसात ह्यांचा एकच नियम: गोष्ट जिथे घडणार, तिथलीच वेळ सांगायची. कुणी चुकलं की त्याची खरडपट्टी. मला ते हिशेब कधी जमले नाहीत. म्हणून तिकडे लांब नांदणारी आमची लेक मला नेहमी इकडच्या घड्याळाची वेळ सांगायची. साडेनऊ तास स्वतःच मिळवायची बिचारी.

तिच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. मला म्हणाली, "गुरुवारी चारला आत नेतील. बाबांना त्याआधी यायला सांग. फार भीती वाटतेय गं." मी ह्यांना निरोप दिला, गुरुवारी चारला. बुधवारचं विमान मध्ये बदलावं लागत होतं, ते चुकलं तर पंचाईत. गुरुवारी सकाळी थेट होतं, तिथल्या दुपारी बाराला उतरणारं. ह्यांनी तेच घेतलं.

"चार तास आधी पोचतो. जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं, मी चुकेन होय?"

मला काय कळतंय त्यातलं, मी मान डोलावली.

गुरुवारी सकाळी हे निघाले आणि मी फोनजवळ बसून राहिले. दुपारी साडेतीनला जावयांचा फोन आला. "आई, बाबा कुठवर आलेत? तिला तयार केलंय."

"इतक्यात? चारला ना, तुमच्याकडच्या?"

"तुमच्याकडच्या चारला, आई. इथे सकाळचे सहा वाजलेत."

निरोप देताना मी 'आपल्याकडचे' एवढं म्हटलं नव्हतं. आणि दुसऱ्यांना फैलावर घेणाऱ्या ह्या माणसाने एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला दोघांचाही संताप आला, माझा जास्त.

लेकीने फोन घेतला. "नर्सला थांबवलंय गं. बाबा कधी उशीर करत नाहीत."

"ते अजून विमानात आहेत, बाळा. सहा तास लागतील."

ती म्हणाली, "तू बोल ना काहीतरी." काय बोलले, देव जाणे. तिच्या हातून फोन घेईपर्यंत बोलत होते.

साडेचार तासांनी जावयांनी पुन्हा फोन केला. आमची लेक टेबलावरच गेली होती.

त्यानंतर तासाभराने ह्यांचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "उतरलो बघ, अगदी वेळेवर. तिला कळव, बाबा आले म्हणावं."