सायकलचं दावं

जऊळका स्टेशनजवळच्या एका बड्या कास्तकाराने मला सायकलच्या सौद्यात फसवलं. मीच त्याला फसवलं असं तो गावभर सांगत फिरला, ते साफ खोटं आहे.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी बैलांचा दलाल होतो. बापाने मागे आडनावाशिवाय काही ठेवलं नव्हतं. बाकी सगळं मी बाजारात उभं राहून कमावलं. बैलाच्या तोंडात हात घातला की त्याचं वय कळायचं आणि मालकाच्या डोळ्यांत पाहिलं की त्याची गरज. अकोल्याकडच्या आमच्या मालेगावच्या बाजारात माझा हात रुमालाखाली आला की भलेभले घामेजत.

सायकल मला मिरवायला नको होती. कोणत्या गोठ्यात बैल विकाऊ आहे ही बातमी ज्याला आधी, बैल त्याचा. मी पायी आसेगाव गाठेपर्यंत सायकलवाला दलाल विसाराचे आगाऊ पैसे देऊन मोकळा झालेला असे.

या कास्तकाराने दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी मुलासाठी विलायती सायकल मागवली होती. मुलगा नागपुरात शिकून आला आणि तिच्यावर बसायला लाजू लागला. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, बसणाऱ्याला वाकावं लागे. त्या घराण्यात वाकायची सवय कोणालाच नव्हती. कामाचीही नव्हती. सायकल मात्र गड्याने जपली होती. रंगावर ओरखडा नाही, चाक फिरवलं तर आवाज नाही. पाहताक्षणी माझं मन बसलं, म्हणून मी तोंड वाकडं केलं.

"लय पातळ हाये हो मालक. आमच्या रस्त्यावर दोन दिवस टिकन का?"

"मंग आले कायले?"

"तुमच्या घरचा चहा चांगला असते म्हणून."

त्याने ओट्यावरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव सांगितला. विकायची अक्कल एवढीच. ओट्यावर त्याचे दोन शेजारी बसले होते, पिकल्या मिशांचे, फुकटचा चहा पीत.

"असा तोंडानं भाव नाई करत आमी," मी म्हणालो. "हात द्या."

मी उपरणं टाकून त्याचा हात खाली घेतला. बैलबाजारात भाव असाच होतो; कापडाखाली बोटं दाबायची, आकडा दोघांनाच कळतो. याचे बैल आजवर गड्यांनीच विकले होते. कोणतं बोट दहाचं आणि कोणतं एकाचं, याला पत्ता नाही. मी एक बोट दाबलं, तो गोंधळला. दुसरं सोडलं, तो आणखी गोंधळला. अडाणी म्हणवून घ्यायची लाज, म्हणून विचारेना. शेवटी मान हलवली आणि सायकल अर्ध्या भावात माझी झाली. याला फसवणूक म्हणत नाहीत. ज्याला बोटं कळत नाहीत त्याने हात देऊ नये.

मी तिथल्या तिथे पैसे दिले आणि हँडलला हात लावला. तेवढ्यात तो गड्यावर ओरडला, "काढ रे तिची साखळी."

"हे काय करून राह्यले मालक?"

"दावं काढून राह्यलो, सेठ."

"सायकलले कुठी दावं असते?"

"तोंडानं भाव नाई, हात द्या, हे कोन म्हने? सौदा बैलाचा केला ना तुमी? बैल इकला तं दावं इकनाऱ्याचं. हे मी सांगू तुमाले?"

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं खुंट्याला राहिलं की गोठ्यातली लक्ष्मी राहते, असं मानतात. मी स्वतः शेकडो बैलांची दावी सोडून घरधनिणींच्या हातात दिली आहेत. हे त्या ऐतखाऊला बरोबर ठाऊक होतं. बोटं ठाऊक नव्हती, दावं ठाऊक होतं!

"बैल दाव्याबिगर चालते!" मी ओरडलो. "हे चालन का?"

"ढकला ना. चालते."

ओट्यावरच्या दोघांकडे मी पाहिलं. एक म्हणाला, "रिवाज तं रिवाज हाये बापा." दुसऱ्याला हसता हसता चहाचा ठसका लागला. मी पैसे परत मागितले, तर तो म्हणे हात सुटला, सौदा झाला. तेही बाजारातलं माझंच नेहमीचं वाक्य.

मी सायकल ढकलत घरी आणली. मालेगावच्या सायकलवाल्याने हाताशी होत्या त्या सगळ्या साखळ्या लावून पाहिल्या. विलायती दातांवर एकही बसेना. अकोल्याला विचारलं, तिथेही तेच. पायी फिरणं काही सुटलं नाही, आणि वर बाजारात माझा हात रुमालाखाली गेला की समोरचा म्हणू लागला, "थांबा सेठ, दावं कोनाचं ते आंधी बोला." आजूबाजूचे हसत. ज्या बाजारात माझ्या शब्दावर बैल सुटत, तिथे मी गंमत झालो.

कास्तकाराला मी काही विचारत नाही. त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवण्याइतका मी मूर्ख नाही. माझा सवाल ओट्यावरच्या त्या दोघांना आहे. तुम्ही जन्मभर बैल बाळगलेत. दावं काढलं तरी बैल बैलच राहतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. साखळी काढल्यावर सायकल काय राहते, हे तुमच्या डोळ्यांसमोर होतं. तरी त्याच्या चहाला जागून माना डोलावल्यात. दोघेही अजून जिवंत आहात. या एकदा मालेगावच्या बाजारात, जिथे लोक मला हसले तिथेच उभे राहा आणि चार माणसांत सांगा, ते दावं होतं की नव्हतं?