चुन्याची खूण

लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी पंचशीला लिंबाच्या फांदीला लोंबकळू लागली. रोज सकाळी झाडलोट आटोपली की पदर कमरेला खोचायचा, फांदी धरायची आणि हात भरून येईपर्यंत पाय अधांतरी सोडून द्यायचे. तिची माय केवळाबाई खाली उभी राहून अजून थोडं, अजून थोडं, असं म्हणत राहायची.

शेजारची धुरपताबाई घागर घेऊन जाताना एकदा थांबली. म्हणाली, "केवळे, लेकीला पडवळ समजून राहिलीस का? मंग पायाला धोंडा बांध की. पडवळ तसंच लांबतंय."

केवळाबाई हसली नाही. धोंड्याचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता.

नव्या जिल्ह्याला नवे पोलीस लागणार होते आणि लातूरच्या मैदानावर बायांचीही भरती होणार होती. पंचशीला मॅट्रिक झालेली होती. अहमदपूरजवळच्या त्यांच्या वस्तीत तेवढी शिकलेली ती पहिलीच मुलगी. धावण्यात तिला कुणी हरवत नव्हतं. अडचण एकच होती. शाळेच्या मास्तरांनी भिंतीला उभं करून मापलं, तेव्हा भरतीला लागणाऱ्या उंचीपेक्षा ती दोन बोटं कमी भरली.

त्या दोन बोटांनी घरातलं बाकी सगळं बोलणं गिळून टाकलं. केवळाबाई तिला पहाटे उठवून गूळ-शेंगदाणे चारू लागली. शेळीचं सगळं दूध तिच्या पेल्यात जाऊ लागलं. धाकटा संघपाल कुरकुरला, तर मायनं पहिल्यांदाच त्याला गप्प केलं. सटवाजी, म्हणजे पोरांचा बाप, कुणाकुणाला विचारून यायचा आणि दर खेपेला नवीन उपाय सांगायचा.

शेवटी केवळाबाई अहमदपूरच्या दवाखान्यात गेली आणि सिंधु नर्सबाईंना म्हणाली, उंची वाढवायचं टॉनिक द्या. नर्सबाई वस्तीवर लसी टोचायला यायच्या, त्यामुळे ओळख होती. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि पोरीला न्हाण कधी आलं ते विचारलं. केवळाबाईनं सांगितलं, झाली चार वर्षं. मग नर्सबाईंनी समजावून सांगितलं. लेकरू पहिल्या वर्षात झपाट्यानं वाढतं, मग सावकाश वाढतं, आणि न्हाण यायच्या आधी दोन वर्षं मुलगी पुन्हा एकदा भराभर उंच होते. त्यानंतर वाढ मंदावते आणि दोन-तीन वर्षांत हाडांची टोकं जुळून येतात. जुळलेलं हाड कशानंच लांबत नाही. लोंबकळून हात तेवढे दुखतील.

केवळाबाई म्हणाली, सगळं त्या दुष्काळानं केलं बाई.

आणि ती खोटं बोलत नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात ती आणि सटवाजी तलावाच्या कामावर होते. ती खडी फोडायची. संघपाल नुकताच जन्मला होता, आणि तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं. वर्षाचं होत आलं तरी पोर बसत नव्हतं. मान एका बाजूला पडायची, टाळू आत गेलेली दिसायची. आठ वर्षांची पंचशीला त्याला दिवसभर कडेवर घेऊन हिंडायची. घरात लाल मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची भाकरी असायची, तीही एक वेळ, आणि ती दातावाचून खाता येत नाही.

कामावर लहान लेकरांना सुकडी, म्हणजे सरकारकडून येणारं भाजलेलं गोड पीठ मिळायचं. मुकादम होता नरसिंग. कोणत्याच लेकराच्या वयाचा पत्ता नव्हता, म्हणून त्यानं बांबू रोवला आणि त्यावर चुन्याची खूण केली. खुणेखाली डोकं असेल तर ओंजळभर सुकडी, वर गेलं तर नाही. आणि लेकरानं आपल्या पायावर उभं राहायला हवं. कडेवरचं मोजलं तर बाया गावभरची लेकरं उचलून आणतील, असं त्याचं म्हणणं.

संघपालला उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो मोजला जात नव्हता. पंचशीलाचं डोकं खुणेच्या चार बोटं वर जात होतं.

केवळाबाईनंच तिला शिकवलं. आपला जुना परकर तिला नेसवला, पायघोळ, जमिनीवर लोळणारा. घरात भिंतीवर कोळशानं रेघ मारली आणि परकराच्या आत गुडघे कसे वाकवायचे, पाठ मात्र ताठ कशी ठेवायची, हे तिच्याकडून घोटून घेतलं. पोरगी हुशार. दुसऱ्याच दिवशी बांबूपाशी उभी राहिली आणि ओच्यात सुकडी घेऊन आली. परकरात काय चाललंय ते नरसिंगला कळत नव्हतं असं नाही. एकदा तो म्हणाला, "केवळाबाई, तुझी लेक मोठी व्हायच्या ऐवजी दिवसेंदिवस ठेंगणी होऊन राहिली." आणि ओंजळ टाकून पुढं गेला.

ती सुकडी केवळाबाई पाण्यात कालवून संघपालला भरवायची. वाटी बोटानं पुसून चाटायला पंचशीलाला मिळायची. संघपाल बसू लागला, धरून उभा राहिला, आणि तलावाचं काम संपायच्या आत चार पावलं चालला. पंचशीला त्याच्यापुढं हात पसरून उलट्या पावलानं चालत होती. केवळाबाई हातोडी टाकून बघत राहिली होती. एवढं सुख तिनं त्या साली दुसरं पाहिलं नाही.

हे सगळं नर्सबाईंनी मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, दुष्काळात खुंटलेलं लेकरू पुढं पोटभर खायला मिळालं तर पुष्कळसं भरून काढतं. तुम्ही त्या वर्षी केलं त्याला कोण नावं ठेवील? "पण त्यानंतर पिकलं की. न्हाण यायच्या आधीची चार-पाच वर्षं काय खाल्लं तिनं?"

केवळाबाई बोटांवर ती वर्षं मोजू लागली.

ज्वारी आली होती. तूर आली होती. शेळी व्याली होती. पण घरातलं ताट बदललं नव्हतं. आधी सटवाजी, मग संघपाल, कारण तो मरता मरता वाचला होता, आणि मग मायलेकी उरलेलं वाटून घ्यायच्या. पंचशीला स्वतःहूनच अर्धी भाकरी भावाच्या ताटात सरकवायची. सुकडी आणायची तशीच. कुणी पाहुणा आला की केवळाबाई कौतुकानं सांगायची, माझ्या पंचीला भूकच कमी हाय. दहा जणांना सांगून सांगून तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. दुष्काळ गेला, हे तिनं आपल्या लेकीला कधी सांगितलंच नव्हतं.

टॉनिक न घेताच ती परतली. घरी काही बोलली नाही. लोंबकळणंही थांबवलं नाही, कारण काय सांगून थांबवायचं?

भरतीच्या दिवशी मायलेकी पहिल्या एसटीनं लातूरला गेल्या. आईबापांना दोरीच्या अलीकडं थांबायला सांगितलं होतं. पंचशीला पळाली तेव्हा सगळ्यांच्या पुढं होती, आणि दोरीजवळच्या एका बाईनं, ही कुणाची पोर, असं विचारलं. केवळाबाईनं मान ताठ करून, माझी, म्हटलं.

मग उंचीची रांग लागली. उभी पट्टी आणि तिच्यावर खालीवर सरकणारी लाकडी फळी. पंचशीलाची पाळी आली. शिपायानं फळी खाली आणली, फळीचा डोक्याला स्पर्श झाला, आणि केवळाबाईला दिसलं की साडीच्या निऱ्या जमिनीवर टेकल्या.

शिपाई म्हणाला, "ए बाई, गुडघे कशाला वाकवतीस? सरळ उभी ऱ्हा."

पंचशीला दचकली. खाली बघितलं. तिला स्वतःलाच ते कळलं नव्हतं. तिनं पाय ताठ केले, टाचा पट्टीला भिडवल्या, छाती भरून श्वास घेतला. शिपायानं पुन्हा फळी आणली. भला माणूस असावा, कारण तिसऱ्यांदाही मापलं. मग मानेनंच नाही म्हटलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

बसस्टँडवर केवळाबाईनं भजी घेतली. पंचशीला बाकावर बसली, पुडी सोडली, निम्मी भजी कागदाच्या तुकड्यात बाजूला काढली आणि घडी घालू लागली.

"ते कशाला?" केवळाबाईनं विचारलं.

"संघ्याला."

"संघ्या घरी जेवंल. तू खा. सगळी खा."

पंचशीला हसली. तिच्या आवाजात राग नव्हता. तेच केवळाबाईला सोसवलं नाही.

"आता खाऊन कुठं वाढणार हाय मी, माय?"

केवळाबाईनं तिच्या हातातली घडी घेतली आणि उलगडून पुन्हा तिच्या मांडीवर ठेवली. अहमदपूरची गाडी लागली, लोक धावले, जागा भरत आली. तरी ती उठली नाही. लेकीनं शेवटचं भजं खाल्ल्यावर मगच तिनं पदर सावरला, आणि घरापर्यंत दोघी उभ्यानं आल्या.