पहिल्यांदा काय ऐकू आलं?

आमच्याकडे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मी बुलढाण्यात कान तपासते आणि कानाच्या मशीन बसवते. आमच्या दुकानात जो तो ओरडूनच बोलतो, त्यामुळे आतली गोष्ट बाहेरच्या बाकावर आधी कळते! मशीन सुरू केली की मी प्रत्येकाला विचारते, "पहिल्यांदा काय ऐकू आलं?" धंद्यासाठी नाही हो, मला खरंच उत्सुकता असते.

*

एक रिटायर्ड गुरुजी आले. म्हणजे बायकोनं आणले.

"मले बराबर ऐकू येते. हीच हळू बोलते!"

मी हेडफोन लावला, हातात बटण दिलं. "शिट्टीसारखा आवाज आला की दाबा." मी आवाज वाढवत गेले. गुरुजी आपले शांत. शेवटी हेडफोन काढून मोठ्यानं विचारलं, "गुरुजी, बटण काऊन नाही दाबलं?"

"तुम्ही सुरू कुठं केलं अजून!"

आवाज केव्हाचे वाजत होते, ते सांगितलं. त्यांनी बटण टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "शेवटल्या वर्षी वर्गात पोट्टे लई हसत. मले वाटे, माह्या विनोदाले हसतेत."

*

धामणगाव बढ्याच्या एक काकू मशीन नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी हजर. "खराब निघाली व बाई! सारखं किनकिन वाजून राह्यलं."

मशीन तपासली. ठणठणीत! पुन्हा लावून दिली. काकूंनी पदर सावरला आणि दचकल्या. "हे पाह्य, वाजलं!"

"काकू, तुमच्या बांगड्या आहेत त्या."

त्यांनी हात कानाजवळ नेऊन हलवला. थांबल्या. पुन्हा हलवला.

"म्हंजे इतकी वर्सं ह्या वाजतच होत्या?"

*

एका किराणा दुकानदार काकांना वाटलं, मशीन म्हणजे मोडलेल्या हाताच्या प्लास्टरसारखी असते.

"काढायची कधी?"

"रोज झोपताना काढायची, सकाळी लावायची."

"तसं नाही. कायमची कधी काढायची?"

"कायमची नाही काढायची, काका. कान आता असेच राहणार."

काका उठले आणि निघून गेले. गेलं गिऱ्हाईक, असं मी मनात म्हणतेय, तोच समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आले.

"बरं, आंघोळीच्या टायमाले ठेवायची कुठं, तेवढं सांगा."

*

एक क्लार्क साहेब मशीन दिसू नये म्हणून भर मे महिन्यात मफलर बांधून ऑफिसला जायचे. बुलढाणा थंड हवेचं म्हणतात, पण एवढंही नाही! सगळा स्टाफ विचारायचा, "साहेब, बरं नाही का?" वैतागून त्यांनी एक दिवस मफलर घरीच ठेवला.

संध्याकाळी माझ्याकडे आले, चेहरा पडलेला. मी विचारलं, "कोणी काही बोललं का?"

"कोणी पाह्यलंच नाही ना मॅडम!"

*

आणि बीबी गावची वैशाली. वडील सोबत होते. "ताई, बारीकातली बारीक दाखवा. रविवारी पाहुणे येणारेत पोरीला पाहायला."

वैशालीनं कानामागं बसणारी, लालभडक मशीन उचलली.

"लाल? अगं, चारचौघांत दिसंल ना!"

"दिसू द्या ना बाबा. लपवली तर लग्न झाल्यावर रोज लपवावी लागंल."

वडील माझ्याकडे बघायला लागले. मी मशीन बसवायला घेतली.

पुढचं वैशालीनंच सांगितलं, मशीनचे सेल न्यायला आली तेव्हा. रविवारी तिनं वेणी अगदी घट्ट घातली, कान मोकळे. पोहे झाले आणि मुलाच्या आईनं विचारलंच, "कानामांगं काय हाये व हे?"

वडिलांनी मान खाली घातली. वैशाली म्हणाली, "ऐकायची मशीन आहे, काकू. माझे कान अधू आहेत. पण आता तुम्ही हळू बोललात तरी कळतं."

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. वैशाली मला हसतच सांगत होती, पण सेलचं पाकीट तिनं मुठीत पार चुरगाळलं होतं.

चार-पाच दिवसांनी एक बाई एकट्याच दुकानात आल्या. बाकावरची सगळी माणसं जाईपर्यंत थांबल्या. मग आत येऊन दार लोटलं, डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि कान माझ्यापुढे केला.

"आमच्या पोरासाठी बीबीची पोरगी पाह्यली, तिले देली ना तुम्ही... तशीच लाल हाये का अजून?"