कॅझ गुर्स्कीचे आठशे दहा

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं, आणि वाढायला हालिना गुर्स्की असते. अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या आमच्या पोलिश वस्तीत यात वर्षानुवर्षं बदल नव्हता. यंदा बदल झाला तो रांगेत. गेल्या उन्हाळ्यात घटस्फोट घेऊन गेलेला तिचा नवरा कॅझ ताट घेऊन उभा होता आणि शेजारी त्याची नवी मैत्रीण ट्रिश. गावात दुसरीकडे मासे मिळत नाहीत असं नाही. पण त्याला मिरवायचं होतं.

मागच्या माणसाच्या नाकासमोर फोन नाचवत तो म्हणाला, "बघ, बघ! क्रेडिट स्कोअर आठशे दहा! सरोवराकाठी बंगली घेतोय. बँक नुसती हात जोडून उभी आहे." मग टेबलामागे वाढणाऱ्या हालिनाकडे बघून आवाज चढवला. "इतकी वर्षं हिच्यापायी अडकून पडलो, नाहीतर कधीच घेतली असती."

दोघंतिघं हसली. बाकीच्यांनी ताटात बघितलं. हालिनाने त्याला माशाचा एक तुकडा जास्तीचा वाढला.

"घे कॅझ. ताकद लागेल तुला," ती म्हणाली.

हालिनाला मी तीस वर्षं ओळखते. ती चिडली की भांडी आपटत नाही. ती जास्तीचं वाढते.

आता त्या आठशे दहाची गोष्ट ऐका. उधारी कशी फेडता यावरून आमच्याकडे माणसाची पत मोजतात, साडेआठशेपैकी. कॅझ छपरं शाकारायचं काम करतो आणि सगळा व्यवहार रोखीने. बापाने शिकवलं होतं, उधारी करतो तो नामर्द. त्यामुळे तिशी उलटली तरी त्याने कधी कुणाचं काही फेडल्याची कुठे नोंदच नव्हती. ट्रकसाठी कर्ज मागायला गेला तर बँकेने हाकलून दिलं. गाडीच्या विम्याचा हप्ताही अव्वाच्या सव्वा. आमच्याकडे तुम्ही गाडी कशी चालवता यापेक्षा बिलं कशी भरता हे विमावाले आधी बघतात. त्याचा चुलतभाऊ स्टॅश, गाडीला आजवर ओरखडा नाही, पण हॉस्पिटलचं एक बिल थकलं आणि हप्ता दुप्पट झाला.

हालिना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिचं पहिलं क्रेडिट कार्ड एकोणिसाव्या वर्षीचं, तीनशे डॉलर मर्यादेचं. पहिल्या दोन कंपन्यांनी तर तिला दारातही उभं केलं नव्हतं. दर महिन्याला थोडं वापरायचं आणि तारखेच्या आत पूर्ण भरायचं. ताप असो, बाळंतपण असो, संप असो. मर्यादा वाढत वाढत अठरा हजारांवर गेली. कॅझ बँकेतून तोंड पाडून आला त्या आठवड्यात तिने या कार्डावर त्याचं नाव जोडीला घातलं. पैसे भरण्याची जबाबदारी तिची एकटीची, पण तिच्या साऱ्या वर्षांची शिस्त त्याच्याही नोंदीत उमटली. त्याच्या नावाचं कार्ड टपालाने आलं, ते त्याने खिळ्यांच्या डब्यात टाकलं आणि विसरला. वर्षाच्या आत त्याला ट्रक मिळाला. विम्याचा हप्ता उतरला, तोही शेजाऱ्याची टपालपेटी दोनदा उडवल्यावर. "माझी किंमत आहे," तो सांगत सुटला.

घटस्फोटात वकिलांनी घर वाटलं, खाती वाटली. कार्ड हालिनाचं एकटीचं, म्हणून त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिच्या लक्षात होतं. पण त्याच्या पोटावर पाय कशाला द्या, म्हणून तिने त्याचं नाव राहू दिलं होतं. त्या शुक्रवारपर्यंत.

कॅझची बहीण वांडा अजून हालिनाकडे कॉफीला येते. तिनेच सांगितलं, "अठ्ठावीस एप्रिलला बंगलीच्या सह्या आहेत गं. आईकडून पण पैसे काढलेत मेल्याने बयाण्यासाठी."

"ट्रकचं कर्ज चालू आहे का अजून?" हालिनाने विचारलं.

"फिटलं की तीन वर्षांपूर्वी. आता त्याच्या नावावर एकच कार्ड, फर्निचरच्या दुकानाचं. ट्रिशने त्यावर सोफा आणलाय. पलंगही. काठोकाठ भरलंय."

"मातोश्रींचे पैसे तेवढे सहीच्या आधी काढून घे," हालिना म्हणाली.

वांडाने तिच्याकडे बघितलं. "काय करणार आहेस तू?"

"आणखी केक घे," हालिना म्हणाली.

स्वतःचं घर घेताना बँकेच्या माणसाने बजावलेलं तिला पाठ होतं. सही होईपर्यंत काही बदलू नका, आम्ही शेवटच्या आठवड्यात तुमचा स्कोअर पुन्हा बघतो. तिच्या कार्डाचं बिल बारा तारखेला निघतं, आणि त्यानंतर आठवड्याभरात नोंद बदलते. लवकर केलं असतं तर त्याला सावरायला वेळ मिळाला असता. नऊ एप्रिलला, शाळेतल्या मुलांचं जेवण उरकल्यावर, तिने हात धुतले आणि कार्ड कंपनीला फोन लावला.

"एक नाव काढायचंय," ती म्हणाली.

चार मिनिटं लागली. त्यातली तीन फोन धरून त्यांचं गाणं ऐकण्यात गेली.

बँकेने पंचवीस तारखेला पुन्हा बघितलं. जुनं कार्ड गायब, अठरा हजारांची मोकळी मर्यादा गायब, आणि उरलं काय, तर सोफ्याने गळ्यापर्यंत भरलेलं आठ महिन्यांचं एक कार्ड. आठशे दहाचे सहाशे एकतीस झाले. बंगली गेली. दुकानाच्या कार्डाचीही मर्यादा कापली. जून महिन्यात हप्ता वाढल्याचं विम्याचं पत्र आलं, तेव्हा तो शिव्या देत ट्रकभोवती फिरत होता, असं वांडा सांगते. आईचे पैसे तिने वेळेवर काढले होते, एवढं बरं.

विम्याचं पत्र आलं त्याच संध्याकाळी कॅझ हालिनाच्या दारात आला. टोपी हातात. तिने आत बोलावलं नाही.

"बँकेतली बाई म्हणाली, तुझ्या कार्डावरून माझं नाव गेलंय."

"गेलंय."

"परत घाल. मी कधी एक डॉलर तरी काढला का त्यावर?"

"कधीच नाही."

"मग तुझं काय बिघडत होतं गं? एवढा सूड? कशासाठी?"

"चारचौघांत मला अडचण म्हणालास ना. मी अडचण दूर केली."

तो खाली बघत राहिला. शरम नव्हती ती, तो हिशेब जुळवत होता. कॅझला कुठलीही गोष्ट उशिराच कळते, पण कळली की पुरी कळते.

"म्हणजे तो ट्रक..." तो म्हणाला. "विमा... हालिना, त्या आठशे दहात माझं किती होतं?"

त्याला निदान थोडंसं ऐकायचं होतं. दीडशे म्हणाली असती तरी तो आधार धरून घरी गेला असता. हालिनाला ते स्पष्ट दिसत होतं.

"काहीच नाही, कॅझ," ती म्हणाली. "एक सुद्धा नाही."

तो पायऱ्या उतरला तेव्हा म्हातारा दिसत होता. लोक मला विचारतात, तिला नंतर वाईट वाटलं असेल ना? मी तिला विचारलं होतं. तिने खरोखर थोडा विचार केला, आणि म्हणाली, नाही गं, मुळीच नाही.